उजव्या बाजूचा ट्रान्सफॉर्मर

त्या बातमीचा फोटो मला जुन्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं मोबाइलवर पाठवला. खाली लिहिलं होतं, तुमच्या धुळ्याचे दिसतात, ओळखता का? टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन मला तेव्हा चार महिने झाले होते. जळगावच्या घरात सकाळी पेपर, दुपारी कूलरसमोर झोप आणि उन्हं उतरली की तलावापर्यंत चक्कर, एवढाच माझा दिवस होता. बातमी वाचली आणि त्या दिवशी मी चकरेला गेलो नाही.

बातमीत नानांचा फोटो होता. धुळ्यातले जुने रेडिओ दुरुस्त करणारे म्हणून त्यांच्यावर अर्धं पान लिहिलं होतं. वय चौऱ्याऐंशी, कान अजून शाबूत, हात अजून स्थिर. शेवटी त्यांचं एक वाक्य चौकटीत छापलं होतं. आयुष्यात एकच सेट माझ्या दुकानातून दुरुस्त न होता परत गेला, एका निष्काळजी पोरानं तो जाळला होता, त्याचं दुःख अजून आहे.

तो पोरगा मी होतो. आणि तो सेट मी जाळला नव्हता.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. आयटीआयचा कोर्स करून आग्रा रोडला लागून असलेल्या एका गल्लीत, नानांच्या दुकानात तीन वर्षं काम करत होतो. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं. तेव्हा ते पंचेचाळीस-सेहेचाळीसचे असतील, पण रुबाब मोठा. माझा हात चांगला होता, हे त्यांनीच चारचौघांत सांगितलेलं. वाड्यावस्त्यांवरून येणारे रेडिओ मी बघायचो, मोठी कामं ते स्वतः करायचे.

मोठ्या कामांतलं सगळ्यात मोठं म्हणजे शेठचा अँप्लिफायर. शेठची कापसाची जिनिंग होती, पण जीव गाण्यात. त्यांनी फार पूर्वी मुंबईहून एक विलायती अँप्लिफायर आणवला होता. स्टीरिओ, म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूचा आवाज वेगळा, आणि आत काचेचे व्हॉल्व्ह. चालू केला की व्हॉल्व्ह हळूहळू तापत, आतल्या तारा नारिंगी होत आणि मग आवाज यायचा. ट्रान्झिस्टरचे सेट येऊन जमाना झाला होता, तरी शेठना दुसरं काही चालत नव्हतं.

तो अँप्लिफायर दुकानात आला कारण उजव्या बाजूनं खरखर येत होती. नाना त्या दिवशी एका लग्नाला पिंपळनेरला जाऊन आले होते, दमले होते. त्यांनी मला बघायला सांगितलं. एक कंडेन्सर गळत होता, म्हणजे जो करंट त्यानं अडवायचा तो थोडाथोडा पुढे सोडत होता. मी तो काढला, नवा घातला, कथलाचा डाग दिला, तासभर चालवून पाहिला. आवाज स्वच्छ. मग सेट परत पाठवायचा म्हणून उजवीकडचा स्पीकर सोडवला. तेवढ्यात नानांनी मला पोस्टात पाठवलं. निघताना मी सांगितलं की उजवा स्पीकर काढलाय, लावल्याशिवाय सुरू करू नका. ते हो म्हणाले.

व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचं हे एक आहे. स्पीकर न लावता तो जोरात चालवला की आतल्या ट्रान्सफॉर्मरला आपली ताकद कुठे टाकावी कळत नाही. विजेचा दाब आतच वाढत जातो आणि मग आतलं तारेच्या वेढ्यांचं वाइंडिंग फुटतं. हे मला नानांनीच पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

मी परत आलो तेव्हा दुकानात जळक्या वार्निशचा वास होता. नानांचा कुणी पाहुणा बसला होता, हातात चहा. शेठचा अँप्लिफायर टेबलावर, आवाजाचं बटण अर्ध्याच्या वर गेलेलं आणि उजव्या बाजूच्या तारा मी सोडून गेलो तशाच लोंबकळत. पाहुण्याला दाखवायला नानांनी तो सुरू केला होता. ते माझ्याकडे बघेनात.

संध्याकाळी शेठ आले. सोबत त्यांची मुलगी होती, कॉलेजात जाणारी, माझ्याच वयाची. नाना शेठना म्हणाले की या पोरानं चुकीचा कंडेन्सर टाकला, उजव्या बाजूचा ट्रान्सफॉर्मर जळाला, आणि हा ट्रान्सफॉर्मर आता कुठे मिळत नाही. मी म्हणालो, "नाना, स्पीकर..." एवढंच. त्यांनी माझ्या कानशिलात मारली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, बाहेर पानवाला होता. सगळ्यांनी पाहिलं. शेठ सभ्य माणूस. जाऊ द्या म्हणाले आणि सेट उचलून घेऊन गेले. नानांनी मला त्याच मिनिटाला बाहेर काढलं.

पण मला चाळीस वर्षं जे टोचत राहिलं ती चपराक नव्हती. दुसऱ्या दिवशी माझा बाप कापडगिरणीतली पाळी संपवून, अंगावर रुईचा बारीक पिंजलेला थर तसाच घेऊन, मला हाताला धरून दुकानात गेला. नानांपेक्षा तो वयानं मोठा. त्यानं वाकून नानांच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "पोऱ्या शे नाना, चुकी गया. पदरमा ल्या." नानांनी पाय मागे घेतले नाहीत. ते हातातला रेडिओ खोलत राहिले आणि म्हणाले की असा हात दुकानात नको.

घरी येताना मी बापाला सगळं सांगितलं. स्पीकर, तारा, पाहुणा, सगळं. तो म्हणाला, "आते सोडी दे ते." मला वाटलं, यालाही माझं खरं वाटत नाही. नंतर त्या विषयावर आम्ही बोललो नाही, तो जाईपर्यंत.

धुळ्यात मला कुणी कामावर घेतलं नाही. जळगावच्या दोन दुकानांतूनही नकार आला. नानांचं नाव तिथवर होतं. दोन वर्षं वाया गेल्यावर टेलिफोन खात्यात लागलो, लाइनवर चढलो, पुढे एक्स्चेंजमध्ये बसलो, संसार झाला. घरातला मिक्सर बिघडला तरी मी बाहेर दुरुस्तीला द्यायचो. बायकोला वाटायचं, याला यातलं काही येत नाही.

बातमी आली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी धुळ्याला गेलो. शेठ वारल्याचं मला माहीत होतं. त्यांची मुलगी कॉलेजात शिकवून निवृत्त झाली होती आणि शेठच्याच घरात वरच्या मजल्यावर एकटी राहत होती. तिनं मला ओळखलं नाही. मी म्हणालो की जळगावला असतो, जुने सेट दुरुस्त करायचा नाद आहे, तुमच्याकडे एक आहे असं ऐकलं. यातलं जळगाव सोडलं तर सगळं खोटं होतं. तिला मी ताई म्हणू लागलो, ती मला भाऊ म्हणू लागली. अँप्लिफायर दिवाणखान्यातच होता, भरतकामाच्या रुमालाखाली, वर प्लास्टिकची फुलं. ताई म्हणाल्या की बाबांनी त्यानंतर तो कुणाला उघडू दिला नाही. एका बाजूनं वाजेल तेवढं ऐकायचे, मग तेही थांबलं.

कुणाला उघडू दिला नाही, हे मी त्यांना पुन्हा विचारून घेतलं. म्हणजे आत सगळं जसंच्या तसं होतं.

ताईंनी तो मला न्यायला दिला, एका अटीवर. चालू झाला की परत आणून इथे, याच खोलीत वाजवायचा. मी लगेच कबूल झालो. मलाही तेच हवं होतं, पण माझं कारण मी त्यांना सांगितलं नाही.

गोधडीत गुंडाळून, भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवून, पारोळ्यावरून तो जळगावला आणला. मागच्या ओट्यावर टेबल लावलं. बायकोनं विचारलं हे काय, तर म्हणालो नानांचा हिशोब. तिला नाना कोण ते ठाऊक नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की त्या माणसाला आता याचं काय होणार. मी म्हणालो, होईल.

खालचा पत्रा काढला. आत कापसाचं तूस बसलं होतं, जिनिंगवाल्याच्या घरचं. ब्रशनं ते काढताना माझा कंडेन्सर दिसला. पिवळा, जाड, तारेच्या पायांना मी घालायचो तसा दुहेरी वेढा, आणि डाग अजून चमकत होता. इतक्या वर्षांत त्या डागाला कुणाचा हात लागला नव्हता. मी तो सोडवून मीटरवर लावला. छापलेला आकडा आणि मीटरचा आकडा जुळला. दाब देऊन पाहिलं, गळती जवळजवळ नाही. काड्यापेटीत कापूस घालून तो आत ठेवला आणि पेटीवर रबर लावलं.

मग बाकीचं काम. वीजपुरवठ्याचे मोठे कंडेन्सर वाळून गेले होते, ते सगळे बदलले. व्हॉल्व्हचे पाय आणि सॉकेट घासले. जुने रेझिस्टर एकेक मोजले. तापून आकडा बदललेले काढले. पहिले चार डाग खडबडीत बसले, ते काढून पुन्हा दिले. आठवडाभरात बोटांना आठवायला लागलं. असा सेट एकदम लाइनवर लावायचा नसतो. मी मध्ये एक बल्ब जोडला, म्हणजे आत काही शॉर्ट असलं तर सेटऐवजी बल्ब भकदिशी पेटेल. बल्ब पेटला आणि मंद झाला. मग डिमरस्टॅटवर दाब थोडाथोडा वाढवत नेला. असं करत तिसऱ्या दिवशी डावी बाजू वाजली. बायको पोळ्या टाकायची थांबून ओट्यावर आली. चांगलं वाजतंय म्हणाली. मला त्या आवाजाचं काही वाटलं नाही. मला उजवी बाजू हवी होती.

उजव्या बाजूचा ट्रान्सफॉर्मर घेऊन मी धरणगावला गेलो. तिथे एक वाइंडर आहे, त्याचे वडील आणि आजोबाही हेच करायचे. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरणं हा त्याचा धंदा, दुकानाबाहेर कायम दहा-पंधरा मोटारी पडलेल्या. वय साठीपुढे, सगळे त्याला चाचा म्हणतात. मी त्याला म्हटलं की नवा भरायचाय, पण आधी जुना माझ्यासमोर एकेक थर उलगडायचा, कापायचा नाही. त्यानं ट्रान्सफॉर्मर हातात फिरवून पाहिला आणि म्हणाला की तार केसासारखी आहे, दोन दिवस जातील. मी दोन दिवस त्याच्या दुकानात बसलो. दुपारी तो नमाजला जाऊन यायचा, तेवढ्या वेळात मी वेढ्यांचा आकडा वहीत पुन्हा तपासायचो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दिसलं. दोन थरांमधल्या कागदाला, काठाशी, टाचणीच्या टोकाएवढं भोक. भोवती काळी कडा. त्या खालच्या तारेवर एक बारीक काळा ठिपका. बाकी सगळी तार नवीसारखी तांबूस. माझ्या कंडेन्सरनं गळती करून हे झालं असतं, तर जास्तीच्या करंटनं सगळं वाइंडिंग तापलं असतं, वार्निश करपून सगळे थर काळे पडले असते. चाचानं तो कागद उन्हात धरला आणि म्हणाला, "भाऊ, ये जला नहीं है. ये फूटा है."

मी त्याला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग डोळ्यांत पाणी आलं, ते त्याच्यासमोर पुसायची लाज वाटली नाही. त्यानं चहा मागवला.

नवा ट्रान्सफॉर्मर भरायला त्याला पंधरा दिवस लागले. पहिला नीट झाला नाही, एक थर सैल पडला, त्यानं स्वतःच फेकून दुसरा भरला. तो आणून मी जोडला आणि सुरू केला, तर सेट असा किंचाळला की शेजारी धावत आले. दोन तारा उलट लागल्या होत्या. अदलाबदल केली आणि उजवी बाजू वाजली. आता दोन्ही बाजू भरून आवाज येत होता. मी खुर्चीत बसलो आणि पहिल्यांदा सगळी रेकॉर्ड ऐकली. ऐकताना मनात एकच चालू होतं, की नानांना कुठल्या खुर्चीत बसवायचं.

नानांच्या मुलाचं त्याच जागी मोबाइलचं दुकान आहे. मी त्याला फोन करून सांगितलं की शेठचा अँप्लिफायर पुन्हा सुरू झालाय, नानांनी तो ऐकावा अशी ताईंची इच्छा आहे. बातमी लिहिणाऱ्या वार्ताहराचा नंबर त्याच्याकडूनच घेतला आणि त्यालाही बोलावलं. ताईंना सांगितलं की नाना येताहेत, त्यांना आनंद होईल. त्या खूश झाल्या. त्यांनी शेवभाजी आणि पुऱ्या केल्या.

नाना काठी टेकत, मुलाचा हात धरून जिना चढले. अंगात पांढरा शर्ट, नीट भांग. मी दारात उभा होतो. त्यांनी मला नमस्कार केला आणि ओळखलं नाही. मी त्यांना दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसवलं.

ताईंनी शेठची एक ठुमरीची रेकॉर्ड काढली. व्हॉल्व्ह तापले, आवाज आला. नानांनी डोळे मिटले. अर्धी बाजू झाल्यावर ते म्हणाले की उजवीकडचा ट्रान्सफॉर्मर नवा भरलाय, वरचा सूर तिकडे थोडा अधिक मोकळा आहे, पण भरणाऱ्याचा हात फार चांगला. हे ऐकून मला एक क्षण त्यांचा अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाचाच मला राग आला. वार्ताहर लिहून घेत होता.

मी रेकॉर्ड थांबवली. ताटलीत तो कागद ठेवला, शेजारी तारेचा तुकडा, आणि ताटली त्यांच्या मांडीवर दिली. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून हे निघालं, म्हणालो, तुमच्यासारख्या जाणकारानं सांगावं की तो कशानं गेला. त्यांनी खिशातून भिंग काढलं. कागद उजेडाकडे धरला. बराच वेळ पाहिला. कामाच्या वस्तूसमोर त्या माणसाला खोटं बोलता येत नसे, हे मला माहीत होतं. मी त्याच्यावरच सगळी मदार ठेवली होती.

"बिनस्पीकरचा चालवलाय," नाना म्हणाले.

मी काड्यापेटी उघडून कंडेन्सर ताटलीत ठेवला. हा मी घातलेला, म्हणालो, इतकी वर्षं तिथेच होता आणि आजही चांगला आहे. "मग बिनस्पीकरचा कुणी चालवला, नाना?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि माझ्याकडे वर पाहिलं. मुलगा म्हणाला, काय झालं, काय झालं. नानांनी हातानं त्याला गप्प केलं. "तू गिरणीवाल्याचा पोऱ्या," ते म्हणाले.

मी म्हणालो की त्या दिवशी काय झालं ते इथे, सगळ्यांसमोर सांगा. मला वाटलं होतं ते नाकारतील, आठवत नाही म्हणतील. त्याची तयारी करून आलो होतो. पण ते ताईंकडे वळले आणि हात जोडून म्हणाले की ताई, तुमच्या वडिलांचा सेट मी जाळला, मला त्याच दिवशी माहीत होतं, शेठचं गिऱ्हाईक तुटलं असतं तर माझं दुकान बसलं असतं, म्हणून बोललो नाही, मला माफ करा.

ताई माझ्याकडे बघू लागल्या. खरं काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. चाळीस वर्षांनी तोंड उघडलं तेही शेठच्या घरासाठी. मी म्हणालो, "त्यांची नाही. माझी मागा."

नाना शांतपणे म्हणाले, "तुझं काय बिघडलं? सरकारी नोकरी लागल्याचं कानावर आलं होतं, आता पेन्शन घेत असशील. माझ्या दुकानात राहिला असतास तर आज मोबाइलचे कव्हर विकत बसला असतास."

त्यांचा मुलगा, जो तेच विकतो, खाली मान घालून उभा होता. मी नानांच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसलो. आवाज चढवला नाही. त्यांना सांगितलं की माझा बाप तुमच्यापेक्षा मोठा होता, तो तुमच्या पायाशी वाकला तेव्हा तुम्हाला माहीत होतं की चूक कुणाची, आणि तुम्ही पाय हलवला नाही. तो मेला तेव्हाही माझ्याबद्दल त्याचं मत तेच होतं, की चूक माझी. मला तुमच्याकडून दुसरं काही नको. हा माणूस लिहितोय, त्याला माझं नाव घेऊन सांगा की मी जाळला नव्हता. आणि तुम्ही सांगेपर्यंत आपण इथून उठणार नाही.

त्यांनी सांगितलं. नाव घेऊन सांगितलं. वार्ताहरानं ते लिहून त्यांना वाचून दाखवलं आणि त्यांनी मान हलवली. मग त्यांना घाम फुटला, मुलानं पाणी पाजलं, धरून खाली नेलं. पुऱ्या तशाच राहिल्या.

ते गेल्यावर ताईंनी मला बसवलं आणि म्हणाल्या की त्या दिवशी त्या दुकानात होत्या, चपराक त्यांना आठवत होती, आणि तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं असं त्यांना पुष्कळदा वाटलं. पण, त्या पुढे म्हणाल्या, माझ्या घरात, माझं नाव पुढे करून तुम्ही एका म्हाताऱ्याला बोलावलंत आणि खरं कारण मला कळू दिलं नाही, हे मला आवडलेलं नाही. त्यांचं बरोबर होतं. तसं मी त्यांना म्हणालोही. पण पुन्हा तसंच केलं असतं का असं त्यांनी विचारलं तेव्हा हो म्हणालो.

आठवड्यानं पेपरात आतल्या पानावर पाच ओळी आल्या. मी त्या बायकोला वाचून दाखवल्या, तिच्या भावाला पाठवल्या, ऑफिसच्या ग्रुपवर टाकल्या, धुळ्यातल्या प्रत्येक ओळखीच्याला पाठवल्या. एकानं विचारलं की एवढ्या जुन्या गोष्टीचं काय, तर त्याला पुन्हा पाठवल्या. सूड घेतल्यावर मन रिकामं होतं असं लोक सांगतात. माझं झालं नाही. मला भूक चांगली लागायची, चालताना पाय हलके वाटायचे. चकरेत भेटणारे म्हणायचे की तब्येत सुधारली.

महिन्याभरानं नानांच्या मुलाचा फोन आला. तो भांडायला नव्हता. म्हणाला की नाना आता दुकानापुढे येऊन बसतात पण कुणाशी बोलत नाहीत, जुनी गिऱ्हाइकं मुद्दाम विचारतात, काही जण हसतात. तुम्ही एकदा येऊन त्यांना भेटून गेलात तर बरं होईल. मी बघतो म्हणालो. बायको म्हणाली, आता पुरे, जाऊन या. मलाही क्षणभर वाटलं की जावं.

जाण्याआधी मी अक्काकडे गेलो. अक्का माझी मोठी बहीण, साक्रीकडे दिलेली, तिला आता कमी दिसतं. बापाला आम्ही आबा म्हणायचो. तिला मी पाच ओळी वाचून दाखवल्या आणि म्हणालो की आबांना हे कळायला हवं होतं, ते मला दोषी धरूनच गेले.

अक्का म्हणाली, "आबाले माहीत व्हतं."

मला समजलं नाही. मग तिनं सांगितलं. त्या रात्री आबा आईला म्हणाले होते की पोरगा खोटं बोलत नाही, नानानंच केलंय. पण नानाशी भांडलं तर पोराला कुठेच काम मिळणार नाही, म्हणून आपण वाकू, आपलं काय जातं. आणि वाकूनही काम गेलं, तेव्हा आबांनी तो विषयच घरात बंद केला. पोराला कळलं की मी खरं माहीत असून वाकलो, तर तो जाऊन नानाचं डोकं फोडेल, म्हणाले.

मी अक्काच्या ओसरीवर येऊन बसलो. तिनं चहा दिला, तो निवला. मला वाटत होतं, हे ऐकून माझा राग जाईल. बापाचा माझ्यावर विश्वास होता, यापेक्षा मोठं काय हवं होतं मला? पण मला दिसत राहिलं ते एवढंच, की माझा बाप समोरच्याचं खोटं ओळखून, रुईनं भरलेल्या अंगानं खाली वाकतोय. चुकलेल्या पोरासाठी वाकणं वेगळं. न चुकलेल्या पोरासाठी, चुकलेल्या माणसापुढे वाकणं वेगळं. नानांवरचा राग त्या ओसरीवर दुप्पट झाला.

मी नानांच्या मुलाला फोन केला नाही.

मध्ये ताईंचा निरोप आला की डावीकडून बारीक घूं असा आवाज येतो. त्यांनी बोलावलं याचा मला आनंद झाला. मीटर आणि चार सुटे भाग पिशवीत घालून गेलो. एक अर्थिंगची तार सुटली होती, अर्ध्या तासाचं काम. ताईंनी जेवायला वाढलं. त्यांच्या ओळखीच्या कुणाकडे पारोळ्याला रेडिओ आणि रेकॉर्ड एकाच पेटीत वाजवणारा एक जुना रेडिओग्राम आहे, तो बघाल का असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. आता असे तीन सेट माझ्या ओट्यावर आहेत आणि बायको मिक्सरही माझ्याकडेच देते.

परतताना रिक्षा त्या गल्लीच्या तोंडाशी गर्दीत अडकली. नाना दुकानापुढे प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. बारीक झाले होते. त्यांनी मला पाहिलं. काठी खुर्चीला टेकवली आणि उजवा हात थोडा वर केला. ते बोलावत होते की डोळ्यांवरचं ऊन अडवत होते, ते मला सांगता येणार नाही. रिक्षावाल्यानं विचारलं की उतरायचंय का. मी म्हणालो, नाही, स्टँडवर घ्या.